नेढंवाल्या बाई

बाईंनी माझी मुलाखत घेतली ती माझे डोळे मिटायला लावून.

"मीट. घट्ट मीट. चोरून बघायचं नाय," असं म्हणत त्यांनी माझ्या एका हातात दोऱ्याचं टोक दिलं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक अंगठी धरायला लावली. अंगठीतून दोरा हळूहळू ओढायचा आणि कुठला मणी गेला ते बोटाला लागेल तसं सांगायचं. मी जैवरसायनशास्त्रात एमएस्सी झालेली. पोलादपूरहून सकाळच्या पहिल्या एसटीत बसून महाड येईपर्यंत सूत्रं घोकत आलेली. आणि इथे मी आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी "काच... काच... लाकूड... शर्टाचं बटण..." म्हणत उभी होते. मध्येच दोरा हातातून सटकला आणि चार-पाच मणी सर्रकन निघून गेले.

"पुन्हा ओढू का? फार भरकन गेलं," मी म्हटलं.

बाईंनी टाळी वाजवली. "झालं! आमच्या अख्ख्या विषयाचं दुखणं तुला दोन मिनिटांत कळलं. भरकन जातं! उद्यापासून ये."

डोळे उघडले तर समोर साठीला टेकलेली, ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई उभी. अंगावर सुती साडी, आणि महाडच्या त्या उकाड्यात पायात लोकरीचे मोजे.

विषय काय, ते आधी सांगून टाकते. आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे माळा असतात. वीस प्रकारचे मणी, ठरलेल्या क्रमानं ओवलेले. एक मणी चुकला तरी माणूस आजारी पडू शकतो. हा क्रम वाचायचा बाईंचा मार्ग असा होता: साबणाच्या फुग्याहून पातळ असा एक तेलकट पडदा घ्यायचा. त्यात एक छिद्र बसवायचं, इतकं बारीक की केसाच्या जाडीत अशी हजारो मावतील. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, आणि छिद्रातून वाहणारा जेमतेम करंट. माळ छिद्रातून ओढली की प्रत्येक मणी करंटला आपापल्या परीनं अडवतो. हा थोडा, तो जास्त. त्या चढउतारावरून माळ ओळखायची. जगात ह्याला नॅनोपोर म्हणतात. बाई नेढं म्हणायच्या, सुईचं असतं तसं. डीएनए असा वाचणारी यंत्रं आता विकत मिळतात, पण प्रथिनं अजून हट्ट सोडत नाहीत. ती नेढ्यातून भरकन पळतात. म्हणून बाई त्यांना दुसरं एक प्रथिन जुंपायच्या, जे माळ एकेका पावलानं ओढतं. त्याचं नाव त्यांनी बैल ठेवलं होतं. "आज बैल चालत नाय गो, बर्फ वितळला वाटतं," हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी असायचं.

हे सगळं त्या कुणालाही सांगायच्या. भाजीवालीला, एसटीच्या कंडक्टरला, दात काढणाऱ्या डॉक्टरला. दात काढून झाल्यावरही तोंडात कापूस धरून सांगायच्या. पर्समध्ये परकराची नाडी आणि सेफ्टी पिन कायम असे. समोरच्याला नाडी ओवायला लावायची आणि वाटेत गाठी किती लागल्या ते विचारायचं. महाडच्या बाजारात त्यांना नेढंवाल्या बाई म्हणत, आणि त्यांना ते फार आवडे.

बाई मूळच्या महाडच्याच. चवदार तळ्यापासून चार पावलांवर त्यांचं घर. वडील कचेरीत कारकून होते. बाई मुंबईला शिकल्या, तिथेच बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकवलं, काही वर्षं परदेशात काढली, आणि मग निवृत्तीनंतर एका संस्थेचा निधी आणि एक यंत्र घेऊन महाडला परतल्या. कॉलेजच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या म्हणजे आमची प्रयोगशाळा. मुंबई सोडून इथे का, ह्याचं उत्तर त्या दर माणसाला वेगळं द्यायच्या. प्राचार्यांना सांगितलं, "इथे मीठ बरं मिळतं." शिपायाला सांगितलं, "मुंबईत माझी मांजर रमत नव्हती." बाईंकडे मांजर नव्हती.

मार्चमध्ये तळ्यावर गर्दी लोटते तेव्हा आमची प्रयोगशाळा बंद. बाई पांढरी साडी नेसून सकाळपासून पाण्याच्या स्टॉलवर उभ्या असायच्या आणि लांबून आलेल्यांच्या हातात ग्लास देत राहायच्या. मीही जायची मदतीला. वर्षातला तेवढा एकच दिवस बाई नेढ्याबद्दल चकार शब्द काढत नसत. पहिल्या वर्षी मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "आज पाणी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा लोकरीचे मोजे.

मोज्यांचं कारण आवाज. करंट इतका बारीक की जमीन हलली तरी आलेख हलायचा. चपला बाहेर, पावलं मांजराची. मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा व्हरांड्याच्या टोकाला. पंखा बंद. एप्रिलमध्ये माझ्या नाकावरून घाम ओघळायला लागला की बाई कुजबुजायच्या, "गाळ, घाम गाळ. पण टपकू देऊ नकोस." पडद्यात नेढं बसवताना त्या त्याला लहान पोरीला समजावतात तसं समजावत, "बस गो बाय, बस. कोण नाय बघत." आणि ते बसलं, आलेखाची रेघ टुणकन वर गेली की त्या नाचायच्या. आवाज करायचा नाही म्हणून पाय जमिनीला चिकटलेले, आणि कमरेपासून वरचं सगळं अंग गणपतीच्या मिरवणुकीत! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईंना फिट आली. मी कांदा आणायला धावले होते.

गल्लीत पिठाची गिरणी होती. तिची थरथर आमच्या आलेखात यायची. दुसरं कुणी असतं तर तक्रार केली असती. बाईंनी महिनाभर थरथर वहीत उतरवली. मग एका दुपारी त्या गिरणीवाल्या काकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सकाळी आधी तांदूळ दळलेत. मग नाचणी. मग पुन्हा तांदूळ. आणि साडेअकराला पट्टा घसरला."

काकांच्या हातातलं सूप खाली पडलं. "बाई, तुमाला कोनी सांगितलं?"

"तुमच्या गिरणीनंच. नाचणी अंगाला बारीक हाय, तिचा सूर वेगळा लागतो."

काका आमच्याकडे येऊन आलेख बघून गेले. त्यांनी त्याला नमस्कार केला. त्या दिवसापासून ते दुपारी दोन ते पाच दळायचे थांबले आणि गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आता बाईंचा बैल चालायची येळ हाय."

मला हे सगळं सुखाचं वाटत होतं. घरातली पहिली पगाराची नोकरी माझी. आणि मग तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पत्र आलं.

निधी देणाऱ्या संस्थेची समिती पुण्यात बसायची. तिचं म्हणणं, तीन वर्षं झाली, आता काहीतरी दाखवा. बाईंनी आधीच दोन माळा ओळखायला यंत्राला शिकवलं होतं. दोन्ही हुबेहूब, फरक फक्त एका मण्याचा. बाई त्यांना सासू आणि सून म्हणायच्या. समिती आता पाच नळ्या पाठवणार होती. कुठल्या नळीत सासू, कुठल्या नळीत सून, हे आम्हाला न सांगता. सात दिवसांत पाचही ओळखायच्या. पाचही बरोबर आल्या तर काम पुढे चालू. एकही चुकली तर यंत्र दुसऱ्या संस्थेकडे जाणार, आमच्या खोल्या बंद, आणि मी घरी.

नळ्या बर्फात घालून आल्या. त्याच सकाळी शेजारची जुनी इमारत पाडायला सुरुवात झाली.

तो काँक्रीट फोडायचा ब्रेकर एकदा सुरू झाला की आमच्या टेबलावरच्या टाचण्या चालायला लागायच्या. पडदा बसायच्या आतच फुटायचा. बाई ठेकेदाराकडे गेल्या. तो भला माणूस होता. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं खरं हाय. पन मलापन वरून फोन येतात." संध्याकाळी तो थांबला की पलीकडच्या मैदानात लग्नाचा डीजे लागायचा. दोन दिवस गेले. नऊ पडदे फुटले.

तिसऱ्या दिवशी बाई हातात पाण्यानं भरलेली वाटी घेऊन शांतता शोधायला निघाल्या, मी मागे थर्मास घेऊन. वाटी जमिनीवर ठेवायची, आणि पाण्यावर तरंग उठतात का ते पोटावर झोपून बघायचं, ही त्यांची पद्धत. आधी बँक. लॉकरची खोली तळघरात, भिंती जाड.

"मॅडम, लॉकरमध्ये काय ठेवायचंय?" मॅनेजरनं विचारलं.

"काही नाही. तुमच्याकडे शांतता किती आहे ते बघायचंय."

आम्हाला गार्डनं दारापर्यंत सोडलं. मग रिक्षानं शिवथरघळ. बाईंचा हिशेब सरळ होता, जिथे समर्थांना लिहायला शांतता मिळाली तिथे आपलं एवढंसं नेढं बसेल की. घळीत गारवा छान, पण सुट्टीचे दिवस, दर्शनाला रांग. बाई रांगेतच आडव्या झाल्या आणि वाटीला डोळा लावला. मागच्या माणसाला वाटलं, लोटांगण घालताहेत. तोही आडवा झाला. त्याच्या मागची त्याची बायकोही. मी डोळे मिटून घेतले. "लिहिणं वेगळं आणि मोजणं वेगळं," बाई साडी झटकत म्हणाल्या, आणि आडव्या झालेल्या जोडप्याला त्यांनी स्वतः हात देऊन उठवलं.

परतीच्या रिक्षात बाईंनी रिक्षावाल्याच्या हातात नाडीसुद्धा दिली नाही. तीन वर्षांत त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. वाटीतलं पाणी त्यांनी रिक्षा थांबवून रस्त्याकडेच्या झाडाला घातलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या वाडीवर चालेल."

"कुठल्या वाडीवर? तू पोलादपूरची ना?"

मी सगळ्यांना पोलादपूरच सांगत असे. खरं म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या अंगाला जायचं, मग रस्ता संपतो, आणि पुढे दीड तास डोंगर चढायचा. वर सात घरं. रस्ता नाही. विजेचे खांब आहेत, तारा वादळात गेल्या त्या आल्याच नाहीत. गायी, शेळ्या, नाचणी. कॉलेजात मला ह्या सगळ्याची लाज वाटायची. शिक्षणासाठी मी खाली मामाकडे राहिले आणि वाडीचं नाव घेणं सोडलं. हे सगळं मी रिक्षात मान खाली घालून सांगितलं.

बाईंनी माझा दंड धरला. "वीज नाही?"

"नाही."

"रस्ता नाही? ट्रक, डीजे, गिरणी, काही नाही?"

"काहीच नाही, बाई."

"आणि हे तू तीन वर्षं लपवून ठेवलंस? अशी कशी गो तू! मी नऊ पडदे फोडले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपमधून निघालो. वर वीज नाही म्हणून दोन बॅटऱ्या. यंत्राला बाहेरच्या लहरी लागू नयेत म्हणून एक जाळीचं कपाट, जे बाईंच्या आईचं दूधदुभतं ठेवायचं होतं आणि बाईंनी त्याला तांब्याची जाळी ठोकली होती. बर्फ मासळीबाजारातून घेतलेला. थर्मासला इतका बोंबलाचा वास लागला होता की घाटात चहाला थांबलो तेव्हा दोन मांजरं जीपमध्ये येऊन बसली.

आदल्या संध्याकाळीच मामानं वर निरोप पोचवला होता. रस्ता संपला तिथे माझे बाबा आणि चुलतभाऊ डोली घेऊन उभे होते. आमच्याकडे आजारी माणसाला डोलीतूनच खाली आणतात. बांबूला बांधलेली झोळी. त्या दिवशी ती पहिल्यांदाच भरून वर चालली होती. आत यंत्र, वर माझ्या आईची गोधडी. वाटेत खालच्या वाडीतली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"कोन गो आजारी? आनि वर कुठं न्हेतास? दवाखाना खाली हाय ना!"

"आजारी नाय मावशी," बाबा धापा टाकत म्हणाले. "मशीन हाय."

"मंग त्याला काय झालंय?"

"त्याला गोंगाट सोसवत नाय," मागून बाई म्हणाल्या.

"मलापन नाय सोसवत," म्हातारी म्हणाली. "पन मला कोन डोलीत घालीत नाय."

वर पोचलो तेव्हा आई तांब्या घेऊन दारात उभी होती. बाईंनी घटाघटा पाणी प्यायलं, तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "अजून." आईनं तीनदा भरला. तेवढ्यात दोघींची ओळख झाली, ती मी करून द्यायची राहूनच गेली.

शेळ्यांचं घर आईनं झाडून, सारवून ठेवलं होतं. दगडी भिंती, आत गार. मुंबईत अशा यंत्राखाली ग्रॅनाइटचं टेबल लागतं. बाईंनी आमचं जातं पाहिलं आणि त्याच्यावर हात फिरवला. "हे जड हाय. हे हलणार नाय." जात्यावर कपाट, कपाटात यंत्र. वाटी भुईवर ठेवली. बाई पोटावर झोपल्या. बराच वेळ उठेनात. मी वाकून पाहिलं तर त्या पाण्याकडे बघून हसत होत्या. पाणी आरशासारखं निश्चल होतं.

पुढचे तीन दिवस बाबांनी वाडी गप केली. सातही घरांत फिरून सांगितलं की बाई मोजताहेत तोवर कांडायचं नाय, लाकूड फोडायचं नाय, कुनाला हाक मारायची नाय. शेळ्या उजाडताच लांबच्या टेपावर, डोंगरावरच्या सपाटीला, हाकलल्या. एक करडू दोन दिवसांचं होतं, ते आईशिवाय ओरडायचं, म्हणून त्याला मांडीवर घेऊन माझी आई लांब आंब्याखाली बसून राहिली, बोट चोखायला देत. भांडणंसुद्धा खुणांनी झाली. माझ्या दोन काकी पाण्याच्या हंड्यावरून हातवारे करत कचाकचा भांडताना मी दारातून पाहिलं. एक अक्षर नाही. शेवटी दोघींनाच हसू फुटलं आणि त्या तोंडात पदर कोंबून पळाल्या.

पहिल्या दिवशी नेढं बसलं. बाईंचा कमरेवरचा नाच झाला. पण आलेखात एक उचकी दिसायला लागली. ठराविक वेळानं एक छोटा झटका. बाईंनी बॅटरी बदलली. बाबांना विचारलं, कुणी काही ठोकतंय का. आईकडे जाऊन करडाच्या पोटाला कान लावला. उचकी जाईना, उलट वाढली. आता ती भराभर यायला लागली. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाला तळहात टेकून उभी होते.

"तुझं काळीज हाय गो ते! मागं सर!"

मी हात काढला. रेघ सरळ झाली.

"बाई, मला फार भीती वाटतेय," मी म्हटलं.

"ते दिसलं मला," त्या म्हणाल्या. "पडद्यावर दिसलं."

दुपारी भाकरी खाताना आईनं विचारलं, "बाई, ह्याचा आमाला उपेग काय?"

बाईंनी भाकरीचा घास खाली ठेवला. "आज? आज काहीच नाय. पुढं कधी रक्ताच्या एका थेंबावरनं दुखणं आधीच कळंल, अशी आशा हाय. पन माझ्या हयातीत होईल, असं मी सांगणार नाय."

"मंग येवढी घाई कशाला?"

"पुण्याच्या लोकांना हाय."

आईला ते पटलं. तिनं बाईंना अजून एक भाकरी वाढली.

तिसऱ्या दिवसापर्यंत पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी नळी झाली. सासू, सून, सासू, सून. हजारदा वाचून झालेलं, शंकाच नाही. चौथी मात्र कुठेच बसेना. बरीचशी सासूसारखी, पण मध्ये एका ठिकाणी रेघ जरा जास्तच खाली जायची. सून म्हणावी तर तसंही नाही. बाईंनी ती पुन्हा लावली. पुन्हा तेच. बर्फ संपत आला होता. मुदतीचा तो शेवटचा दिवस. उत्तराचा कागद असा होता की प्रत्येक नळीपुढे दोनच चौकोन. एकावर खूण करायची.

"सासूवर करा, बाई," मी म्हटलं. "तिच्याच जवळ आहे. नाहीतर कशावरही करा. निम्मी शक्यता तर आपलीच."

"यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र काहीच सांगत नाही."

"सांगतंय की. ही त्या दोघींतली नव्हे, असं सांगतंय. आपल्याला ते ऐकायचं नाय."

मला तेव्हा इतका राग आला की मी म्हणाले, "तुमचं काय जातंय? तुम्हाला पेन्शन आहे. मी परत शेळ्यांमागे जाणार."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "तुझं जास्त जातंय." मग चष्मा लावला, पेन घेतलं, आणि दोन्ही चौकोनांवरून आडवं लिहिलं: दोन्हींपैकी नाही. नववा मणी जड वाटतो. काय आहे ते मला माहीत नाही.

फोनला रेंज फक्त वाडीच्या वरच्या कातळावर. मीच वर चढून त्या कागदाचा फोटो पाठवला. एक क्षण मनात आलं की पाठवू नये, दुसरा कागद भरावा, खूण करावी. बाई खाली होत्या, त्यांना कळलंही नसतं. मग खाली आंब्याखाली करडाला घेऊन बसलेली माझी आई दिसली. तिसरा दिवस, हालली नव्हती. मी पाठवून दिला.

दोन दिवसांनी महाडला फोन आला. शेजारी ब्रेकर चालू. आमचा निकाल आम्ही "काय? मोठ्यानं बोला!" असं ओरडत ऐकला. चार बरोबर. चौथी चूक. चौथीत सासू होती.

"चौथी पुन्हा तपासा," बाई ओरडल्या.

"मॅडम, नळी आम्हीच भरलीय!" समितीचे प्रमुख तिकडून ओरडले.

"म्हणूनच सांगते!"

त्यांनी फोन ठेवला. यंत्र परत करायचं पत्रही आलं. मी यंत्राभोवती भाताचा पेंढा भरत होते आणि बाई बाजूला बसून दोऱ्यात मणी ओवत होत्या. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्या माझ्याशी रोज बोलायच्या. टेम्पो दारात लागला त्या सकाळी पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी आवाज एका मुलीचा होता. समितीत नवीनच आलेली, माझ्याच वयाची. तिला चैन पडलं नव्हतं म्हणून चौथी नळी भरून त्यांच्याकडे उरलेला माल तिनं त्यांच्या मोठ्या, माळांचं वजन करणाऱ्या यंत्रावर लावला होता. माळ सासूचीच, पण तिला नळीत भरायच्या आधीच कुठेतरी हवा लागली होती. एका मण्याला ऑक्सिजनचा एक अणू चिकटून बसला होता. भरणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

बाईंनी माझ्या हातून फोन ओढून घेतला.

"कितवा मणी?" त्यांनी विचारलं. "आधी ते सांग. कितवा?"

"नववा, मॅडम."

बाई फोन तसाच टाकून, मोज्यांवरच, रस्त्यावर धावल्या. ब्रेकर चालूच होता. धुरळ्यात शिरून त्या ठेकेदाराचे दोन्ही खांदे धरून ओरडल्या, "नववा! अहो, नववा!"

ठेकेदारानं हात करून ब्रेकर बंद करवला. "अभिनंदन बाई," तो म्हणाला. "नातू का नात?"

समितीनं पत्र मागे घेतलं, यंत्र राहिलं. टेम्पोवाल्याला आम्ही चहा पाजून रिकामा परत पाठवला. मी बाईंची माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "पेंढा काढ आधी, उंदीर येतील."

मग त्यावर निबंध लिहिला, परदेशातल्या नियतकालिकाला पाठवला. तपासणाऱ्यांनी सगळं मान्य केलं, फक्त एक ओळ काढा म्हणाले. मोजमाप कुठे केलं, तिथे बाईंनी "शेळ्यांच्या घरात, जात्यावर" असं लिहिलं होतं, आणि खाली सात घरांतल्या सगळ्या माणसांची नावं देऊन, तीन दिवस गप्प बसल्याबद्दल त्यांचे आभार मानले होते. ते म्हणाले, हे शोभत नाही. बाईंनी उलट लिहिलं, जिथे मोजलं तिथे मोजलं. पाच महिने पत्रं चालली. शेवटी ओळ छापून आली. माझ्या आईचं नाव, बाबांचं, दोन्ही काकींचं, अगदी बरोबर स्पेलिंगनं.

अंक हातात पडला त्या रविवारी बाई पेढ्यांचा पुडा घेऊन निघाल्या. ह्या वेळी यंत्र नाही, डोली नाही. चढावर दर वळणाला बसत, माझ्या खांद्यावर हात ठेवत त्या वर आल्या. वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही शेवटचा चढ चढून येताना पहिल्यांदा धाकट्या काकीनं बघितलं. तिनं चटकन तोंडावर हात ठेवला. लाकूड फोडणाऱ्या चुलतभावानं कुऱ्हाड वरच्या वर थांबवली आणि अलगद खाली ठेवली. आईनं मुसळ सोडलं आणि एका झेपेत करडू उचललं. ते आता चांगलं शिंगं फुटलेलं बोकड झालं होतं, तिला पेलवेना. तिनं त्याचं तोंड तरी धरलं. सातही घरं एका क्षणात चिडीचूप.

बाई जागच्या जागी थांबल्या. घाबऱ्या होऊन हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "काय झालं गो? कोणी गेलं का?"

आई बोकडाला कवटाळून, चवड्यांवर चालत जवळ आली आणि कुजबुजली, "बाई, तुमचं मशीन कुठं हाय?"

"आणलं नाय!"

"आनलं नाय?"

"नाय गो! आज मोजायचं नाय काही! बोला! अहो, बोला की सगळी!"

आईनं बोकड सोडलं. मग जे काय सुरू झालं! कुत्री भुंकली, बोकड ओरडलं, काकींनी हंड्यावरचं राहिलेलं भांडण काढलं, बाबा डोलीची गोष्ट सगळ्यांना नव्यानं सांगू लागले, आणि त्या गलक्यात मधोमध, धापा टाकत, हातात फुटलेला पेढ्यांचा पुडा घेऊन, बाई नाचत होत्या. दोन्ही पायांनी.